खॅक म्हणजे पाहुणा

२१ एप्रिल १७८२ च्या सकाळी, ज्योतिषांनी काढून दिलेल्या मुहूर्तावर, चाओ फ्राया नदीच्या पूर्व काठावर एक लाकडी खांब रोवला गेला. नव्या राजधानीचा हा नगरस्तंभ. बरोबर सव्वीस दिवसांनी, १७ मे ला, ग्वाल्हेरच्या परिसरातल्या सालबाईत महादजी शिंद्यांनी इंग्रजांशी तह केला. पहिलं इंग्रज-मराठा युद्ध संपलं आणि पुण्याला वीस वर्षांची उसंत मिळाली. तिकडे पहिला राम हा राजा बँकॉक बांधायला घेत होता. इकडे आठ वर्षांच्या सवाई माधवरावाच्या नावाने नाना फडणवीस पुण्याचा कारभार हाकत होते.

पुण्याच्या राजधानीचं पुढे काय झालं ते आपण शाळेत शिकलोय. १८१७ च्या नोव्हेंबरात शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं, १८२८ च्या आगीत आतला वाडा जळाला. उरली तटबंदी, दिल्ली दरवाजा आणि कारंजाचे हौद. बँकॉकची राजधानी मात्र अजून चालू आहे. सयामने किंमत मोजली नाही असं नाही. १८५५ च्या बाउरिंग तहाने व्यापाराचे हक्क इंग्रजांच्या हातात गेले, पुढे फ्रेंचांना आणि इंग्रजांना मुलूख तोडून द्यावे लागले. पण राजवाड्यावर परकं निशाण चढलं नाही.

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मी आणि माझा रूममेट आठवडाभरासाठी थायलंडला गेलो तेव्हा यातलं मला फारसं काही माहीत नव्हतं. रिलीज नुकतं पार पडलं होतं, सुट्ट्या लॅप्स होणार होत्या, व्हिसा लागत नव्हता. पुण्यातले निम्मे आयटीवाले याच कारणांनी बँकॉकला जातात. इतिहास मी तिथून आल्यावर वाचत बसलो, आणि त्याला कारण ठरले एक काका. त्यांच्याकडे येतोच, आधी शहराच्या नावाचं सांगतो.

बँकॉक हे नाव आपण वापरतो. तिथले लोक शहराला क्रुंग थेप म्हणतात आणि तेही एका लांबलचक नावाचं तोंड आहे. पूर्ण नाव असं: क्रुंग थेप महानखोन अमोन रत्तनकोसिन महिन्थर अयुथया महादिलोक फोप नोप्फरत रात्चथानी बुरीरोम उदोम रात्चनिवेत महासथान अमोन फिमान अवतान सथित सक्कथत्तिय वित्सनुकम प्रसित. आता हे थोडं पुसून परत वाचा. देव, महानगर, अमर, रत्न, महेंद्र, अयोध्या, नवरत्न, राजधानी, पुरी, रम्य, उत्तम, राजनिवेश, महास्थान, विमान, अवतार, स्थित. शेवटचं 'सक्कथत्तिय' म्हणजे शक्राने, अर्थात इंद्राने दिलेलं. आणि 'वित्सनुकम' म्हणजे आपला विश्वकर्मा, ज्याने ते बांधलं. दहावीला शंभर मार्कांचं संस्कृत घेतलेल्या कुणालाही हे नाव एका दमात समजावं.

वारांचंही तसंच. सोमवार वान चान, म्हणजे चंद्र. बुधवार वान फुत. मंगळवार वान अंगखान. हा अंगखान म्हणजे अंगारक. मंगळवारी येणाऱ्या संकष्टीला आपण अंगारकी म्हणतो, त्यातला. थाई लिपीत संस्कृत स्पेलिंग जसंच्या तसं जपतात आणि उच्चार मात्र आपल्या जिभेला सोयीचा करतात. जे अक्षर उच्चारायचं नाही त्याच्या डोक्यावर छोटीशी खूण. मागच्या कंपनीत मी टेक्स्ट रेंडरिंगचं थोडं काम केलं होतं, त्यामुळे थाई लिपी ओळखीची होती ती एका डोकेदुखीमुळेच: या लिपीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. ओळ कुठे तोडायची हे कळायला प्रोग्रामला शब्दकोश द्यावा लागतो. ती अक्षरं पाट्यांवर दिसायला लागल्यावर जुन्या बॉसला अचानक रस्त्यात भेटल्यासारखं वाटलं.

तर, काका. अयुथया बघायला आम्ही व्हॅनची एक दिवसाची टूर घेतली होती. त्यात चिंचवडचं एक निवृत्त जोडपं होतं. काका बोलके, काकूंनी पिशवीभर चकल्या आणलेल्या. अयुथया ही सयामची जुनी राजधानी, १३५१ पासून चारशे वर्षं. एप्रिल १७६७ मध्ये बर्मी फौजांनी ती जाळली. आपण पानिपत १७६१ ला हरलो आणि माधवराव पेशव्यांनी राज्य पुन्हा उभं केलं. सयाममध्येही पंधरा वर्षांत नवी राजधानी उभी राहिली. बँकॉकच्या तटबंदीसाठी अयुथयाच्या पडक्या भिंतींच्या विटा नावांमध्ये भरून नदीतून खाली आणल्या होत्या. उरलेल्या अयुथयात आज विटांचे बोडके मनोरे आहेत, आणि रांगेने बसलेल्या, डोकी नसलेल्या बुद्धमूर्ती. वाट महाथात या देवळात एका बुद्धाचं डोकं झाडाच्या मुळांनी कवटाळलंय. तुम्ही रीलमध्ये पाहिलं असेल. त्याच्यासोबत फोटो काढायचा तर खाली बसून काढायचा, आपलं डोकं बुद्धाच्या डोक्यापेक्षा वर जाता कामा नये, अशी सूचना तिथे आहे.

"अरे, हे सगळं आपलंच आहे," काका म्हणाले. "नाव बघ ना. अयुथया म्हणजे अयोध्याच की. विमानतळ सुवर्णभूमी. राजा राम. काय राहिलं?"

"हो काका," मी म्हटलं. मलाही तेव्हा तसंच वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर छान वाटत होतं. परक्या शहरात ओळखीचा शब्द सापडला की माणूस जरा ताठ चालतो.

दुसऱ्या दिवशी राजवाड्यातल्या वाट फ्रा क्यूमध्ये काका-काकू परत भेटले. या देवळाच्या ओवरीच्या भिंतींवर रामकियन, म्हणजे थाई रामायण, एकशे अठ्ठ्याहत्तर चित्रांत रंगवलंय. पहिल्या रामाने १७९७ मध्ये रामकियनची मोठी प्रत लिहवून घेतली. त्यातला रावण थोत्सकान आहे, दशकंठ. आणि हनुमान? हनुमान प्रेमात पडतो. सेतू बांधताना दगड पळवणारी एक जलपरी त्याला भेटते, सुवण्णमच्छा नावाची. ती थोत्सकानची मुलगी. त्यांना मुलगाही होतो, मच्छानु. शिवाय हनुमानाच्या आणखी प्रेमकथा आहेत त्या वेगळ्याच.

काकांचा चेहरा उतरला. "हे चुकीचं आहे," ते म्हणाले. "मारुती ब्रह्मचारी. मूळ रामायणात असलं काही नाही."

काल 'आपलंच', आज 'चुकीचं'. मध्ये एक रात्र आणि एक व्हॅन. तिथून आजपर्यंत मी याच दोन शब्दांवर विचार करतोय, कारण ते जोडीनेच येतात. एखादी गोष्ट आपलीच म्हटली की लगेच तिची तपासनीसगिरी आपल्याकडे येते. आमच्या धंद्यात याला सरळ शब्द आहे: त्यांनी फोर्क केलं. कोड घेतला, आणि मग कित्येक शतकं स्वतःच्या गरजेनुसार बदलत राहिले. आता त्यातल्या बदलाला मूळ रेपोवाल्याने बग म्हणायचं काही कारण नाही. आणि आपण तरी मूळ रेपोवाले कुठे? आपल्याकडेही मारुतीला घामाच्या थेंबापासून झालेला मकरध्वज नावाचा मुलगा आहे, ही गोष्ट आजीनेच सांगितलेली. पुण्यात तर जिलब्या मारुती आहे, भांग्या मारुती आहे, डुल्या मारुती आहे, पत्र्या मारुती आहे. वाल्मीकींना यातलं एक तरी नाव विचारून बघा.

दुसरी अडचण जास्त बोचरी आहे. 'आपलं' म्हणजे नक्की कुणाचं? बँकॉकच्या मध्यावर उंच, लाल रंगाचा सागवानी झोपाळा आहे. खरं तर आता फक्त त्याची चौकट. बाजूलाच देवसथान, १७८४ साली बांधलेली शिव, गणपती आणि नारायणाची तीन देवळं. तिथले ब्राह्मण आजही राजाच्या राज्याभिषेकाला असतात, दर मे महिन्यात शाही नांगरणीचा विधी करतात. २०१९ च्या राज्याभिषेकात ते टीव्हीवर जगाने पाहिले. या झोपाळ्यावर १९३५ पर्यंत पौष महिन्याच्या आसपास एक उत्सव व्हायचा. तरुण उंच झोके घेऊन खांबाला टांगलेली नाण्यांची थैली दातांनी पकडायचे. उत्सवाचं नाव त्रियंपवाय-त्रिपवाय. हे शब्द आहेत तिरुवेंपावै आणि तिरुप्पावै, म्हणजे मार्गळी महिन्यात गायल्या जाणाऱ्या तमिळ भक्तिरचना. पहिली शिवाची, दुसरी आंडाळची. लिपी पल्लवांच्या लिपीवरून ख्मेर लोकांमार्फत आली. दरबारी संस्कृत अंगकोरकडून. धर्म श्रीलंकेच्या वळणाचा थेरवाद. या साखळीत तमिळ किनारा आहे, कंबोडिया आहे, सिंहल भिक्खू आहेत. पुण्याचा पत्ता कुठेच लागत नाही. काकांच्या 'आपलंच'मध्ये आम्ही दोघं तमिळांच्या खांद्यावर बसून फोटो काढत होतो.

मग त्यांच्या भाषेत आपण कोण? सीलोम रस्त्यावर मारियम्मनचं देऊळ आहे, एकोणिसाव्या शतकात तमिळ लोकांनी बांधलेलं. गोपुर, रंगीत मूर्ती, झेंडूच्या माळा, आणि भक्तांत थाई लोकच जास्त. नवरात्रात शेवटच्या दिवशी त्या रस्त्यावर मोठी मिरवणूक निघते. लोक या देवळाला वाट खॅक म्हणतात. भारतीय, मलाय, अरब, पश्चिमेकडून आलेल्या सगळ्यांना थाईत एकच शब्द आहे: खॅक. काही भारतीयांना तो टोचतो, कारण कधीकधी तो हिणवण्यासाठीही वापरतात. पण त्याचा साधा अर्थ पाहुणा. आपण म्हणतो, हे घर आमचंच. घरवाले म्हणतात, या, पाहुणे.

आता खाण्याकडे येतो, कारण आजीचा पहिला प्रश्न तोच होता.

रूममेट शाकाहारी. त्याने फोनवर एक शब्द शोधून पाठ केला होता, मांगसविरात. म्हणजे मांसविरती! पाटीवर लिहून दाखवला तर आजीलाही कळेल. पण बँकॉकच्या हातगाडीवर मांसविरती झाली तरी नाम प्ला राहतंच. नाम प्ला म्हणजे माशाचं आंबवलेलं पाणी, आपल्या मिठाच्या जागी. बिचारा तीन दिवस फळं आणि चकल्यांवर होता. (काकूंचे आभार.) मी मात्र सगळं खाल्लं. सोम ताम, म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर, उखळात कांडून देतात: लसूण, मिरच्या, शेंगदाणे, ताडगूळ, लिंबू. पहिल्या घासाला कानातून धूर. दुसऱ्या घासाला वाटलं, हे तर ठेच्याच्या घराण्यातलं आहे.

आणि ते आहेच, पण आपण समजतो त्या वाटेने नाही. मिरची अमेरिकेतली. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतलं, १५११ मध्ये मलाक्का घेतलं आणि त्याच वर्षी दुआर्ते फर्नांदिश नावाचा आपला माणूस अयुथयाला पाठवला. मिरची या भागात पोचली ती याच शतकात, पोर्तुगीज व्यापाराच्या जाळ्यातून, असं साधारणपणे मानलं जातं. त्याआधी तिखट म्हणजे मिरी. गंमत पुढे आहे. आपण मिऱ्यांच्या नावावरून नव्या पाहुणीला मिरची म्हटलं. थाई लोक मिरीला फ्रिक म्हणायचे. त्यांनी मिरचीलाही फ्रिक म्हटलं. मग गोंधळ व्हायला लागल्यावर जुन्या मिरीला वेगळं नाव द्यावं लागलं: फ्रिक थाई, थाई फ्रिक. म्हणजे पाहुणीने नाव घेतलं आणि घरच्या मिरीला 'मी इथलीच' अशी पाटी गळ्यात घालावी लागली. एकमेकांना न विचारता दोन भाषांनी जवळपास सारखीच युक्ती केली.

साबुदाण्याचं तर विचारूच नका. सागू हा मूळ मलाय शब्द, तिकडच्या एका ताडासारख्या झाडाच्या गाभ्यातला पिठूळ भाग. आता तो दाणा बहुतेक ठिकाणी टॅपिओकाचा, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या कंदाचा असतो. थाईत तो साखू. बँकॉकमध्ये गाडीवर त्याचे वाफवलेले पारदर्शक गोळे मिळतात, साखू साय मू. आत शेंगदाणे, ताडगूळ, मुळा आणि डुकराचं मांस. आपली एकादशीची खिचडी डोळ्यांसमोर आणा: साबुदाणा, शेंगदाणे, मिरची, बटाटा. यातला एकही जिन्नस शिवाजी महाराजांच्या आधीच्या दोन शतकांपलीकडे महाराष्ट्रात सापडणार नाही. तरी ती उपासाची, सोवळ्यातली, आपली. मेक्सिकोहून किंवा ब्राझीलहून कुणी काका येऊन तुळशीबागेत आपल्याला म्हणत नाहीत, "अरे, हे सगळं आमचंच, पण तुम्ही चुकीचं करता."

पॅड थाईचंही असंच. नूडल चिनी, नाव क्वायतिआव तेही चिनी. १९३९ मध्ये फिबुनसोंगखराम यांच्या सरकारने सयामचं नाव बदलून थायलंड केलं आणि त्याच दशकभरात राष्ट्रीय बाणा घडवण्याच्या मोहिमेत या नूडलला बळ दिलं. म्हणजे थायलंडचा हा सर्वांत प्रसिद्ध पदार्थ माझ्या आजीच्या आगेमागे जन्मलेला. चव मात्र चांगली आहे, चिंचेमुळे.

१५ नोव्हेंबरला पौर्णिमा होती. आपली त्रिपुरी, त्यांचं लॉय क्रथोंग. घरी आईने देवळात त्रिपुर वात लावल्याचा फोटो पाठवला, तेव्हा मी चाओ फ्रायाच्या घाटावर चेंगरून उभा होतो. केळीच्या खोडाची गोल चकती, तिला केळीच्या पानाच्या घड्या, झेंडू, उदबत्ती, मेणबत्ती. काहीजण नाणं ठेवतात, काहीजण नखाचा तुकडा किंवा केस. ते पाण्यात सोडायचं आणि माफी मागायची. कुणाची? मे खोंगखाची. 'मे' म्हणजे आई, 'खोंगखा' म्हणजे गंगा. वर्षभर तुझं पाणी वापरलं, घाण केलं, माफ कर. शेजारच्या मुलीने हे मला मोडक्या इंग्रजीत समजावलं आणि मला मुठा आठवली. आपण तिच्याकडे बरंच काही मागतो, माफी मागितल्याचं आठवत नाही. अर्थात माफी मागून नदी स्वच्छ होते असंही नाही. त्या रात्री महापालिकेच्या माणसांनी बँकॉकच्या पाण्यातून पाच लाखांच्या वर क्रथोंग गोळा केले. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी आपल्या घाटांवर राबणारे सफाई कर्मचारी हे वाचून नुसते हसतील.

हा सण सुखोथायच्या काळातला, सातशे वर्षं जुना, असं माहितीपत्रकं सांगतात. त्याला आधार म्हणून नांग नोप्फमात नावाच्या दरबारी स्त्रीचं पुस्तक दाखवलं जातं. पण अभ्यासकांनी ते पुस्तक एकोणिसाव्या शतकातलं, तिसऱ्या रामाच्या काळातलं ठरवलं. त्यात अमेरिकेचा उल्लेख आहे, आणि सुखोथायला अमेरिका ठाऊक असणं अवघड. म्हणजे सणाचा आजचा थाट बराच अलीकडचा. यावर हसण्याआधी आपलं कॅलेंडर बघावं. पेशव्यांचा गणेशोत्सव शनिवारवाड्यात होता, तो राज्यासोबत गेला. आज आपण रस्त्यावर जो पाहतो तो १८९२-९३ च्या सुमाराला भाऊसाहेब रंगारी, टिळक आणि पेठांमधल्या लोकांनी घडवला. बँकॉकचा दरबार टिकला म्हणून त्यांचे विधी राजवाड्यातून रस्त्यावर झिरपले. आपला दरबार गेला म्हणून आपला उत्सव रस्त्यावर नव्याने उभा राहिला. मला हा फरक अयुथयाच्या सगळ्या शब्दांपेक्षा मोठा वाटतो, आणि पुण्याला त्याचा अभिमान वाटायला हरकत नाही.

तिथला गणपती म्हणजे फ्रा फिखनेत. विघ्नेशच. थायलंडच्या ललित कला विभागाच्या चिन्हावर तो आहे, १९४३ च्या शिल्पाकोन विद्यापीठाच्या चिन्हावरही. सिनेमावाले, गायक, डिझायनर त्याला मानतात. चाचोंगसाओ प्रांतात एक भलामोठा गुलाबी गणपती चक्क आडवा रेलून बसलाय. जवळच दुसरा, कांस्याचा, एकोणचाळीस मीटर उंच उभा आहे. त्याच्या हातात फणस, आंबा, ऊस आणि केळी. नैवेद्याला खनोम तोम: तांदळाच्या पिठाची उकडलेली गोळी, आत खोबरं आणि ताडगूळ, वरून पुन्हा खोबऱ्याचा कीस. पाकळ्या नाहीत. चव मात्र डोळे मिटून खाल्ली तर गणेश चतुर्थीच्या दुपारची.

आणि हल्ली हे भक्त पुण्याला येतात. बुधवार पेठेत दगडूशेठसमोर तुम्ही थाई माणसांचे गट पाहिले असतील. फुकेतमध्ये तर दगडूशेठच्या धर्तीवर देऊळही उभं राहिलंय. परत आल्यानंतर एका मंगळवारी मी तिथे रांगेत होतो. पुढे दहा-बाराजण, बहुतेक बायका, सगळ्या गुलाबी कपड्यांत. थाई पद्धतीत वाराला रंग असतो आणि अंगखानचा रंग गुलाबी. हाराच्या टोपल्या वाट्याला येईपर्यंत त्यांनी बाहेरच फूटपाथवर गुडघे टेकले, तळवे जमिनीला लावून, कपाळ टेकवून, एकदा, दोनदा, तीनदा. बुद्धाला करतात तसा नमस्कार. शिवाजी रस्त्यावरचे रिक्षावाले हॉर्न वाजवायचं थांबले नाहीत.

"असं नसतं गं करायचं, उभं राहून हात जोडायचे," माझ्या मागच्या काकू त्यांना मराठीतच सांगत होत्या.

त्यातली एक उठली, काकूंकडे बघून हसली आणि त्यांनाही हात जोडले. काकूंनी पिशवीतून दूर्वांची एक जुडी काढून तिला दिली. "ह्या वाहा हं," त्या म्हणाल्या. रांग पुढे सरकली.